आवक-जावक : आमच्या बागेतल्या पाखरांची वही

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

वही आजपासून. शेजारी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला कॉलेजात प्रकल्प आहे, 'वसंतातले पक्षी-आगमन आणि घरटी'. काल संध्याकाळी येऊन सरळ म्हणाली, "काकू, तुम्ही तशाही रोज सहाला बागेत असता. डोळे तुमचे, मार्क माझे." इतक्या प्रामाणिकपणे मागितल्यावर नाही म्हणवेना. शिवाय ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे जगभरची पक्षीमोजणी, नेमकी आत्ताच आहे, १६ ते १९. मुहूर्त बरा.

तिने नेटवरून एक तक्ता उतरवून आणलाय. रकाने असे: पहिलं आगमन, गाणं सुरू, घरटं, पिल्लं. मी ३४ वर्षं एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. जावकेचा रकाना नसलेलं रजिस्टर मला बघवत नाही. पट्टी घेऊन माझं मी आखलं. डावीकडे आवक, उजवीकडे जावक, मागच्या पानांवर घरटी, घ-१ पासून पुढे. तिचा तक्ता तिच्यापाशी राहू दे.

जागा: नागपुरातल्या आमच्या ले-आउटची (वसाहतीची) बाग, पावणेदोन एकर. नाग नदी दोन गल्ल्यांवर. गेल्या वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा बागेची पूर्वेची भिंत आडवी झाली. तो गाळ, विटा आणि मुरुम कोपऱ्यात ओढून ठेवलाय, अजून उचललेला नाही. झाडं: कडुनिंब ११, करंज ६, गुलमोहर ४, जुना पिंपळ १, चौकीदाराच्या खोलीमागे शेवगा १ (अर्धा वाळलेला), बांबूचं बेट १. उरलेल्या तिन्ही बाजूंना मेहंदीचं कुंपण.

पद्धत: बुधवार, शुक्रवार, रविवार. ६:१५ ते ७:३०. एकच वाट, एकाच दिशेने. घरट्याच्या दहा पावलांच्या आत जायचं नाही. फांदी वाकवून अंडी मोजायची नाहीत. फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. आणि कावळा बघत असेल तर घरट्याकडे मानही वळवायची नाही. हा शेवटचा नियम माझा. आपण कुठे बघतो हे कावळा बघतो.

आज २६ जाती. थिरथिरा (नर १), लालकंठी माशीमार २, राखी धोबी १, कुंपणात वटवट्या. ही सगळी हिवाळी पाहुणे मंडळी.

२५ फेब्रुवारी, रविवार

पहाटे ५:५० ला कोकीळ. मुलीने हौसेने आवकेत लिहिलं, मी खोडलं. भांडण चहाच्या टपरीपर्यंत चाललं.

माझं म्हणणं एवढंच की कोकीळ आला नाही, बोलायला लागला. तो बारा महिने इथंच असतो. जानेवारीत याच पिंपळावर ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी फळं खाताना मी बघितली आहे. हिवाळाभर हे जोडपं चूप असतं, म्हणून आपल्याला वाटतं की वसंत त्यांना घेऊन येतो. पावशाचंही तेच. 'पेरते व्हा' ऐकू आलं की लोक म्हणतात आला, पण गेला कुठे होता?

तिचं म्हणणं, मग आगमनाच्या रकान्यात लिहायचं काय?

तडजोड म्हणून तिसरा रकाना आखला: 'आवाज'. कोकीळ तिथं गेला. यापुढे दिसलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं लिहायचं.

३ मार्च, रविवार

बागेसमोरच्या बंगल्यातली काटेसावर पूर्ण निष्पर्ण आणि पूर्ण लाल. तिच्यावर भोरड्या, मोजल्या ६४, दुसऱ्यांदा मोजल्या ७१. मधे काही उडाल्या, काही आल्या. कलकलाट असा की घरमालक गच्चीत येऊन बघून गेले. गुलाबी अंग, काळं डोकं, फुलात तोंड खुपसून वर आलं की कपाळ परागाने पिवळं. बाहेर काटोल रोडकडे पळस पेटलेत, तिथं तर थवेच्या थवे असतील. पळसमैना हे नाव त्यांना उगाच नाही.

आज त्यांची भरती बघून मुलगी म्हणाली, "काकू, ही तरी आवक लिहा." ही आवक नव्हे, ही निघण्यापूर्वीची शिदोरी. भोरड्या इथं अंडी घालत नाहीत. मध्य आशियात जातात, तिथल्या दगडगोट्यांत घरटी करतात, टोळ-नाकतोडे खाऊन पोरं वाढवतात आणि जुलै-ऑगस्टातच परत निघतात. तिथली सगळी गडबड दोन-तीन महिन्यांत उरकायची, म्हणून इथं हे खाणं.

१० मार्च, रविवार

घ-१. तांबट. शेवग्याच्या वाळक्या फांदीला खालच्या अंगाने भोक पाडतोय. भोक खालच्या बाजूला असलं की पावसाचं पाणी आत जात नाही, हे ज्याने पहिल्यांदा शोधलं तो तांबट हुशार. भुसा खाली चौकीदाराच्या खाटेवर पडतो. दोघंही आळीपाळीने खोदतात. एक थकला की दुसरा.

टुक-टुक-टुक चालू असताना दुर्बिणीतून पाहिलं, चोच मिटलेली. गळा तेवढा फुगतो आणि बसतो. ऊन चढेल तसा हा जास्त बोलतो. आपण कूलर लावायचा विचार करत असतो तेव्हा याचा कारखाना जोरात असतो.

चौकीदाराला विचारलं, त्रास होतो का? तो म्हणाला, "होते न काकू, पन त्याचंबी घर हाय. म्या खाट सरकवली."

१३ मार्च, बुधवार

थिरथिरा आज बाकाच्या पाठीवर, शेपटी थरथरवत. माशीमार २, धोबी नाही. बाकी नेहमीचं.

१७ मार्च, रविवार

घ-२. शिंजीर. हे मी पाच-सहा वर्षं बघते आहे आणि दरवर्षी नव्याने बघत बसते.

नराचं आधी. डिसेंबरात हा मादीसारखाच मळकट पिवळा होता, छातीवर फक्त एक काळी रेघ. फेब्रुवारीत ठिगळं लागलेल्या सदऱ्यासारखा झाला. आज पूर्ण जांभळा-काळा, उन्हात मान वळवली की निळी झाक. पोशाख झाला, आवाज लागला, पण काम? काम शून्य. मादी एकटी घरटं बांधते. हा वरच्या तारेवर बसून गातो आणि दुसरा नर दिसला की मागे धावतो.

घरटं कण्हेरीच्या लोंबत्या फांदीच्या टोकाला, जमिनीपासून साधारण माझ्या खांद्याइतकं. आधी कोळ्याच्या जाळ्याचा दोर, मग त्यात अडकवलेलं गवत, सालीचे तुकडे, सुरवंटाची लेंडी. लांबून बघणाऱ्याला वाटावं कचरा अडकलाय. प्रवेशावर छोटी पडवी काढायला तिने आज सुरुवात केली. मधेच ती कुठे जाते बघितलं तर आमच्याच खिडकीत! गेल्या वर्षीचा कूलर अजून खिडकीला टांगलेला आहे, त्याच्या ताटीतलं गवत उपसून नेतेय. मुलाने आज नवीन ताटी लावायची ठरवली होती. महिनाभर पुढे ढकलली. घरात माझ्याविषयी जे बोललं गेलं ते वहीत लिहीत नाही.

२५ मार्च, सोमवार

धुळवड. काल-आज मोजणी नाही. बागेत डीजे.

३१ मार्च, रविवार

थिरथिरा बुधवारी शेवटचा दिसला. शुक्रवारी नाही, आज नाही. जावक: २७ मार्च. भोरड्यांचे थवे काटेसावरीची फुलं संपली तेव्हाच गेले. त्यांची जावक १५ मार्च लिहिली आहे, पण ती आमच्या चौकापुरती. राखी धोबी, जावक ८ मार्च.

मुलीचं तोंड उतरलंय. सहा आठवडे झाले, आवकेच्या रकान्यात एक अक्षर नाही. तिचे सर विचारतील की वसंतातले पक्षी कुठे आहेत. तिला म्हटलं, तक्ता ज्या देशात तयार झाला तिथं हिवाळ्यात झाडावर किडा उरत नाही, तळी गोठतात. तिथल्या माणसाला मार्च-एप्रिलात पाखरू परत दिसलं की तो तारीख लिहून ठेवतो. ते पाखरू कुठून निघालं? कित्येकदा आपल्याकडूनच. त्याची आवक ती आपली जावक. कागद एकच, टेबल वेगळं.

तिने हे वाक्य लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. प्रकल्पात घालणार, माझं नाव न देता. चालेल.

४ एप्रिल, गुरुवार

आज मोजणीचा वार नाही, पण माळीभाऊंनी हाक मारून बोलावलं. "काकू, पिंपळाकडे चला, ते लांब चोचीचं दोन दिवसांपासून एकच भोक चाटून राह्यलं."

घ-५ (घ-३ आणि घ-४ मागे लिहिली आहेत, बुलबुल आणि दयाळ). राखी धनेश! जुन्या पिंपळाच्या ढोलीत, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर. मादी आत आहे आणि ढोलीचं तोंड लिंपून घेतेय. स्वतःची विष्ठाच मुख्यतः, नर अधूनमधून मातीच्या गोळ्या आणून देतो. उद्या-परवा फट तेवढी राहील, चोच जाईल इतकी. पुढचे दोन-अडीच महिने ती आत. उडायची पिसंही ती आतच एकदम गाळते, म्हणजे ठरवलं तरी बाहेर पडून उपयोग नाही. नर जगला तर ती जगणार.

नागपुरात धनेश दिसणं नवलाचं नाही. सेमिनरी हिल्स, महाराजबाग, सिव्हिल लाइन्स, जिथं म्हातारी झाडं उरली तिथं हा आहे. पण ढोली मिळणं अवघड, कारण ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं आणि आपण झाड म्हातारं झालं की 'धोकादायक' अशी पाटी लावतो. या पिंपळाच्या खोडावर पुरानंतर कुणीतरी चुन्याने फुली मारून ठेवली आहे. फुली कसली ते कुणाला ठाऊक नाही. माळीभाऊंना सांगून तिच्यावर चिखल फासला. प्रकल्पाच्या पद्धतीत हे बसत नसेल, तरी नोंद करते.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

सकाळी पावणेसहालाच बागेत गेले. कारण आदल्या दिवशीच लक्षात आलं की गुढीला कडुनिंब लागतो आणि आख्ख्या ले-आउटात कडुनिंब आमच्याच बागेत आहेत.

झालं तसंच. सहा वाजता पिशव्या घेऊन मंडळी हजर. एकजण बाकावर चढून नेमकी घ-४ च्या शेजारची फांदी ओढत होते. दयाळाची मादी खोडाच्या भोकातून निसटली आणि नर डोक्यावर चर्र-चर्र करत फिरायला लागला. मी म्हटलं, "भाऊ, ही फांदी नका मोडू, रस्त्याकडचा निंब घ्या, त्याला कोवळी पालवी आहे." ते म्हणाले, "काकू, सणाच्या दिवशी काऊन अडवता?" मग माळीभाऊ स्वतः आकडी घेऊन आले आणि फाटकाजवळच्या दोन झाडांच्या डहाळ्या काढून वाटत बसले. तासाभरात गर्दी ओसरली. दयाळ मादी ७:१० ला परत आत.

पुढच्या वर्षी आदल्या संध्याकाळीच फाटकापाशी डहाळ्यांचा भारा ठेवायचा.

घ-२: शिंजीर मादी अंड्यांवर. चोच पडवीतून बाहेर. नर अजून तारेवर गातोच आहे.

१४ एप्रिल, रविवार

घ-३ संपलं.

बुलबुलाने मेहंदीच्या कुंपणात वाटी केली होती, रस्त्याकडून दोन हात आत. शुक्रवारी दुपारी देखभालीच्या कंत्राटाची माणसं यंत्र घेऊन आली आणि कुंपण सरळ रेषेत कापून गेली. त्यांनी घरट्याला हात लावला नाही, त्यांना ते दिसलंही नसेल. फक्त छप्पर गेलं. काल सकाळी वाटी उघडी, आत तीन अंडी, गुलाबीसर पांढरी, लाल तपकिरी शिंतोड्यांची. मादी तरी बसली. आम्ही दोघींनी कापलेल्या फांद्या आणून वर आडोसा केला. नियम मोडला, दहा पावलांच्या आत गेलो. आज सकाळी वाटी रिकामी. कवचाचा एक तुकडा खाली. कावळा की भारद्वाज, सांगता येत नाही. भारद्वाज कुंपणात फिरताना गुरुवारी दिसला होता, आणि लोक त्याचं दर्शन शुभ मानतात.

मुलगी रडली. मी नाही रडले, पण मोजणी अर्धी सोडून घरी आले.

बुलबुल पुन्हा घालतील. ते थांबत नाहीत. कुंपणाची कापणी जूनपर्यंत बंद ठेवावी असं पत्र बागेच्या समितीला दिलं. जावक क्रमांक टाकून, प्रत ठेवून, पोच घेऊन. ती सवय जात नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

मतदान. माझं केंद्र समोरच्या शाळेत, त्यामुळे शाई लावून परत बागेत. लालकंठी माशीमार नाही. शेवटचा १२ तारखेला दिसला होता. घ-२ मध्ये पिल्लं आहेत, कारण आता नरही चोचीत काहीतरी घेऊन येतोय. उशिरा का होईना.

२८ एप्रिल, रविवार

कुंपणातला वटवट्या आज फक्त एकदा 'चक्' म्हणाला. बहुतेक शेवटचाच.

गुलमोहरावर कावळ्याचं घरटं (घ-६): काड्या, झाडूचे हीर, आणि वाकवलेल्या तारा, चष्म्याची एक काडी सुद्धा. कोकीळ नर आज अगदी त्या झाडावर येऊन ओरडला, कावळे दोघंही त्याच्या मागे लागले. त्या दरम्यान मादी करंजातून सरकत गेली. घरट्यापर्यंत पोचली की नाही, पानांमुळे दिसलं नाही. अंदाज लिहायचा नाही असं ठरलंय, म्हणून इथंच थांबते. जूनमध्ये कावळा कुणाला भरवतो ते दिसेलच.

५ मे, रविवार

घ-१: तांबटाचं पिल्लू भोकातून डोकं काढून बसलंय, कपाळावर अजून लाल टिळा नाही. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत ही वाळकी फांदी होती. समितीचे अध्यक्ष, आमचे डॉक्टरसाहेब, स्वतः बघायला आले. पिल्लू त्यांच्याकडे बघत राहिलं, ते पिल्लाकडे. फांदी राहिली. बुलबुलाच्या पत्रापेक्षा या तोंडाचा उपयोग जास्त झाला.

घ-२ रिकामं, पिल्लं बुधवारी उडाली. आमच्या घरी कूलरची ताटी बदलली.

घ-७: टिटवी. पुराच्या गाळाच्या त्या ढिगावर! ढीग उचला म्हणून सहा महिने मीच सगळ्यांच्या मागे होते. आता तो उचलू नका म्हणून मागे लागणार. चार अंडी, निमुळती टोकं आत, मुरुमाच्याच रंगाची. ढळत्या भिंतीवरून दुर्बिणीतून मोजली. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असं आमच्या गावाकडे म्हणत. हा ढीग गुडघाभर उंच आहे. त्यावरून काय ते समजावं.

१६ मे, गुरुवार

आवक!

पावणेसातला माळीभाऊंचा फोन. "काकू, लवकर या. रंगाचा डबा सांडल्यावानी पाखरू पडलं हाय. मेलं का जिवंत, समजत नाही जी."

क्लब हाउसच्या काचेखाली, पायरीवर. मुठीत मावेल असं, शेपटी नसल्यासारखी आखूड. पाठ हिरवी, पंखावर निळं, पोट फिकट बदामी, शेपटीखाली शेंदरी, डोळ्यावरून काळा पट्टा, गळा पांढरा. नवरंग. डोळे अर्धे मिटलेले, चोच उघडी, छाती भराभर वरखाली.

तो रात्री प्रवास करतो. हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढून मे महिन्यात मध्य भारतात येतो, पावसाच्या तोंडावर. रात्रभर उडून पहाटे उतरताना दिवे आणि काचा यांच्यात फसतो. काचेत त्याला कडुनिंब दिसला असणार, कारण समोरचा कडुनिंब काचेत मलाही दिसत होता.

बुटांच्या खोक्याला कंपासने भोकं पाडली, तळाला जुना पंचा, त्यात ठेवून झाकण लावलं. कुणीतरी पाणी पाजायला चमचा घेऊन आलं होतं, त्यांना थांबवलं. बेशुद्ध पाखराच्या चोचीत पाणी घातलं तर ते श्वासनळीत जातं. अंधार, शांतता आणि वेळ, बस. मुलीने सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला) फोन करून विचारलं. त्यांनीही हेच सांगितलं, दोन तासांत सावरलं नाही तर घेऊन या. दरम्यान एका गृहस्थांनी "किती सुंदर, पिंजऱ्यात ठेवता येईल का?" असं विचारलं. १९७२ चा वन्यजीव कायदा त्यांना मुलीने सांगितला, माझ्यापेक्षा बऱ्याच सभ्य शब्दांत.

८:२० ला खोक्यात खुडबुड. बांबूच्या बेटाशी नेऊन झाकण काढलं. तो क्षणभर काठावर बसला, मग जमिनीवर उतरला आणि टुणटुण उड्या मारत पाल्यात शिरला. उडाला नाही, चालत गेला! पाला उलटायचा आवाज आम्हाला पाच मिनिटं ऐकू येत होता. भूक लागली असणार.

आवकेत पहिली नोंद. वही सुरू झाल्यापासून ८८ दिवसांनी. वसंत कधीच संपला होता. बाहेर रणरणतं ऊन.

काचेवर आतून जुन्या पडद्याच्या पट्ट्या टांगल्या. दिसायला वाईट दिसतात.

१९ मे, रविवार

नवरंग बांबूतच आहे. पहाटे ५:१० ला दोन सुरांची शीळ, संध्याकाळी ६:४० ला पुन्हा. ही शीळ गेल्या वर्षीही ऐकली होती आणि मी ती चौकीदाराच्या पोराची समजले होते. म्हणजे गेल्या वर्षीची आवक माझ्याकडून नोंदवायची राहिली.

आजचं खरं काम वेगळंच झालं. दर उन्हाळ्यात बांबूखालचा पाला झाडून जाळतात. नवरंग जमिनीवर खातो, पाला उलटून गांडुळं आणि किडे काढतो. पाला गेला तर तो कशासाठी थांबेल? डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पाला म्हणजे साप-विंचू. मुलं खेळतात इथं." त्यांचंही खोटं नाही. अर्धा तास घासाघीस झाली. ठरलं ते असं: बांबूचं बेट आणि त्यामागची भिंतीपर्यंतची जागा, पंधरा पावलं बाय दहा, दिवाळीपर्यंत झाडायची नाही. वाटेच्या बाजूने विटांची ओळ लावायची म्हणजे मुलांना हद्द कळेल. विटा पुराच्या ढिगातून घ्यायच्या असं कुणीतरी सुचवलं. मी म्हटलं, तिथं टिटवी आहे. सगळे हसले. विटा दुसरीकडून आल्या.

२६ मे, रविवार

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, कालपासून. सकाळी सातला सुद्धा बाकाला हात लावू नये.

टिटवीपुढे बाकी सगळं फिकं. ११ वाजता मुद्दाम गेले, छत्री घेऊन. ढिगावर कणभर सावली नाही. ती अंड्यांवर बसत नाही, उभी राहते, पंख थोडे सैल सोडून, स्वतःची सावली अंड्यांवर पडेल अशी. दर वीस-पंचवीस मिनिटांनी जोडीदार येतो, ती जाते. कुठे? नळाखालच्या डबक्यात. तिथं पोट बुडवून बसते, पिसं पूर्ण भिजवते आणि थेंब गळत परत येऊन अंड्यांवर टेकते. आपण अंगावर ओला पंचा टाकतो तसं. एका तासात तीन फेऱ्या मोजल्या.

माळीभाऊंनी नळ बारीक चालू ठेवायचं कबूल केलं आणि ढिगापासून दहा पावलांवर मातीचं परळ भरून ठेवलं. परळाला ती शिवली नाही. तिला डबकंच लागतं.

टिटवी रात्री पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर तोलायला, असं आजी सांगायची. या आठवड्यात आभाळाचं काही खरं वाटत नाही.

१ जून, शनिवार

परवापासून फोनवर 'नागपूर ५६ अंश' फिरतंय. हवामान खात्याने खुलासा केला की त्या स्वयंचलित केंद्राचा संवेदक बिघडला होता. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९, २३ मे २०१३ चा. टिटवीला यातलं काही विचारलं नाही.

२ जून, रविवार

टिटवीची पिल्लं! तीन. चौथं अंडं तसंच आहे. सकाळी ६:३० ला ओली होती, साडेसातला चालायला लागली. आईने इशारा केला की जमिनीला चिकटतात आणि मुरुमात विरघळतात. डोळ्यांसमोर असून दोनदा हरवली. कुत्री सुटतात म्हणून चौकीदाराने भिंतीच्या खिंडारात खाट आडवी लावली. तीच, तांबटाने हलवलेली खाट.

५ जून, बुधवार

चौथं अंडं फुटलं नाही. पिल्लं तीनच्या तीन.

घ-६: कावळा भरवतोय. लाल टाळा पसरून ओरडणारं पोर, अंगावर फिकट ठिपके. कावळ्याचं नाही. शेजारी दुसरं पोर मात्र कावळ्याचंच. दोघांनाही भरवतोय. मुलीला फोन करून उठवलं.

बुलबुलाने दुसरी वाटी केली, या खेपेला कुंपणात नाही, क्लब हाउसच्या दिव्यामागे. शहाणा.

९ जून, रविवार

मृग लागलं. पाऊस नाही, ढग आहेत. ७:०५ ला करंजाच्या शेंड्यावर चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, 'पिऊ-पिऊ'. आवक, दुसरी नोंद. अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेतून आला आणि आल्याबरोबर सातभाईंच्या टोळीवर नजर ठेवून बसला, कारण अंडी त्यांच्याच घरट्यात टाकायची आहेत. सातभाईंना हे ठाऊक असावं. सातही जणांनी एकत्र येऊन त्याला पुढच्या झाडावर हाकललं.

मुलीने प्रकल्पाचं नाव बदललं. आता ते 'नागपुरातील एका बागेतील पक्ष्यांची जावक, आवाज, घरटी व आवक' असं आहे. सरांनी म्हणे विचारलं, क्रम असा का? तिने वही दाखवली.

१२ जून, बुधवार

धनेश, घ-५. ६:३० ते ७:१० बघत बसले. नर तीन वेळा आला. पहिल्या खेपेला उंबरं, गळ्यातून एकेक काढून फटीत दिली, मोजली अकरा. दुसऱ्यांदा सरडा. तिसऱ्यांदा पुन्हा उंबरं, पण त्यातलं एक खाली पडलं आणि तो फांदीवर मान वाकडी करून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. आतून आता दोन आवाज येतात, एक तिचा, एक बारीक. लिंपण अजून शाबूत. नवरंग पहाटे बोलला. चातक नाही. घराकडे निघाले तेव्हा थेंब पडायला लागले होते, वही पदराखाली घेतली.